इटालियन फुटबॉलची उतरती कळा

एखाद्या देशाची फुटबॉलची साखळी-स्पर्धा परदेशांत निष्प्रभ कां ठरते, याचें उत्तर केवळ खेळाडूंच्या पायांत शोधून भागत नाहीं. पुष्कळदां तें हिशेबाच्या वह्यांत सांपडतें. इटलीची ‘सेरी आ’ ही साखळी याचें बोलकें उदाहरण होय.

सन १९९० मध्यें युरोपांतील तिन्ही मोठे चषक मिलान, युव्हेंटस व साम्पदोरिया या इटालियन संघांनींच जिंकले. २००३ सालीं युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना मँचेस्टरला झाला, तरी त्यांतील दोन्ही संघ इटलीचेच होते. मात्र २०१० सालीं इंटरनें तें पद मिळविल्यानंतर २०२५ पर्यंत एकाहि इटालियन संघास तें लाभलें नाहीं.

असें कां व्हावें? पहिलें कारण असें कीं, जुन्या वैभवामागें संघांच्या कमाईपेक्षां धनिक मालकांची थैलीच मोठी होती. पार्मा संघाचा आधार असलेली पार्मालात ही दुधाची कंपनी २००३ च्या अखेरीस कोसळतांच संघहि डबघाईस आला. मिलानला २०१२ सालीं इब्राहिमोविच व थियागो सिल्वा हे मोहरे पॅरिसच्या संघास विकावे लागले.

दुसरें कारण क्रीडांगणांचें. बहुतेक क्रीडांगणें नगरपालिकांच्या मालकीचीं. भाड्याच्या घरास कोणी मजले चढवीत नाहीं; तसेंच येथें झालें. युव्हेंटसनें स्वतःचें क्रीडांगण उघडलें तें २०११ सालीं.

तिसरें कारण प्रक्षेपणाच्या हक्कांचें. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनें १९९२ पासून हे हक्क एकत्र विकून उत्पन्नाचा मोठा वांटा सर्वांना समान दिला. इटलींत १९९९ पासून २०१० पर्यंत प्रत्येक संघ आपापले हक्क विकी. बडे संघ गब्बर झाले व लहान मागें पडले. त्यांतच २००६ सालीं पंचांच्या नेमणुकींतील ढवळाढवळ उघडकीस येऊन युव्हेंटसला खालच्या श्रेणींत जावें लागलें. साखळीची पतहि घसरली.

अशा ऱ्हासाचें एक दुष्टचक्र असतें. युरोपीय गुणांकनांत जर्मनी पुढें जातांच इटलीची अजिंक्यपद-स्पर्धेंतील चौथी जागा २०१२ पासून सहा हंगाम गेली. जागा गेली कीं बक्षिसाचा पैसा जातो, पैसा गेला कीं चांगले खेळाडू जातात, आणि त्यामुळें जागा पुन्हां मिळविणें अधिकच दुर्घट होतें.

तथापि हें चक्र अभेद्य नव्हे. बेर्गामोच्या आटलांटा संघानें तरुण खेळाडू घडविले, २०१७ सालीं नगरपालिकेकडून क्रीडांगण विकत घेतलें आणि २०२४ सालीं यूरोपा लीग जिंकली. उसन्या ऐश्वर्यापेक्षां स्वकष्टाची मिळकतच अखेर टिकते, हा जुना व्यवहार क्रीडांगणावरहि खरा ठरतो.