साच्याची वर्गणी

वाकडी झालेली तलवार सरळ करायची तर आधी पाणी उकळावं लागतं. पातेलं खाली उतरवायचं, चिमट्यात धरलेला बोटाच्या दोन पेरांएवढा सरदार त्यात मिनिटभर बुडवायचा. पांढरं प्लास्टिक नरम पडतं आणि साच्यातून निघतानाचा आपला आकार त्याला आठवू लागतो. तलवार थोडी आपणहून वळते, थोडी आपण वळवायची. मग लगेच बर्फाच्या पाण्यात. गार झालं की ती तशीच राहते.

हा सरदार अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या डेंटन गावच्या ‘रीपर मिनिएचर्स’ या कंपनीचा. मालिकेचं नाव ‘बोन्स’, म्हणजे हाडं. रंग लागण्याआधी या मूर्ती दिसतातही तशाच. माझ्या टेबलाखालच्या खोक्यांत त्या दाटीवाटीनं पडल्या आहेत: जादूगार, बुटके कुऱ्हाडवाले, सांगाडे, राक्षस, पंख मिटलेले ड्रॅगन. इतक्या मूर्ती एका माणसाच्या घरी येऊ शकतात, यामागे पैशाची एक विलक्षण गोष्ट आहे.

या मूर्तींचं मूळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची, कोण कुठे उभा आहे ते मूर्ती ठेवून दाखवायचं. पण राक्षसांच्या मूर्ती तेव्हा मिळत नव्हत्या. गायगॅक्सला दुकानात हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या प्राण्यांची स्वस्त पिशवी सापडली. डायनोसॉर म्हणून विकले जाणारे ते प्राणी कुठल्याच डायनोसॉरसारखे नव्हते. त्यांच्यातूनच लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’, घुबडाच्या तोंडाचं अस्वल ‘आउलबेअर’ आणि जमिनीखालून झेपावणारा ‘ब्युलेट’ जन्माला आले. या छंदातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही. आधी प्लास्टिक आलं, कल्पना त्याच्या मागून आली.

पुढची कित्येक वर्षं मात्र राज्य धातूचं होतं. कथील आणि शिशाचा मिश्रधातू वितळवून, फिरत्या रबरी साच्यात ओतून मूर्ती काढत. रबरी साचा स्वस्तात होतो, म्हणून छोटा कारखानदारही नवी मूर्ती सहज बाजारात आणू शकतो. महाग पडतो तो धातू. प्लास्टिकचं गणित नेमकं उलटं आहे. कोरलेल्या पोलादी साच्याला हजारो डॉलर लागतात, पण एकदा तो झाला की प्रत्येक मूर्ती किरकोळ खर्चात निघते. म्हणजे पहिली मूर्ती हाती येण्याआधीच सगळा पैसा ओतायचा, आणि ती खपेल की नाही याची खात्री नाही. छोट्या कंपनीला बँक यासाठी कर्ज देईल कशाला?

इथे लोकवर्गणी कामाला आली. ‘किकस्टार्टर’ हे संकेतस्थळ २००९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. त्याचा नियम साधा आहे. ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच वर्गणीदाराचे पैसे घेतले जातात, नाहीतर कुणाचाही पैसा जात नाही. जमलेल्या रकमेतले पाच टक्के संकेतस्थळाचे.

रीपरनं जुलै २०१२ मध्ये ‘बोन्स’साठी ३०,००० डॉलर मागितले. धातूत आधीच खपत असलेल्या आपल्या मूर्ती प्लास्टिकमध्ये आणायच्या, एवढाच बेत होता. ऑगस्टअखेरीस मोहीम बंद झाली तेव्हा १७,७४४ लोकांनी मिळून ३४,२९,२३५ डॉलर दिले होते. हे घडवलं ‘स्ट्रेच गोल’ नावाच्या युक्तीनं. रक्कम पुढच्या टप्प्यावर पोचली की नवा साचा परवडतो, आणि त्यातून निघणारी मूर्ती आधीच्या वर्गणीदारांना जादा पैसे न देता मिळते. त्यामुळे वर्गणीदारच प्रचारक होतो. मित्राला ओढून आणलं तर आपल्याही खोक्यात भर पडते. शंभर डॉलरच्या वर्गणीचं नाव ‘व्हॅम्पायर’ होतं. त्या वेळच्या दरानं हे साडेपाच हजार रुपये झाले. मोहीम संपेपर्यंत तेवढ्यात अडीचशेच्या आसपास मूर्ती पदरात पडत होत्या. एक मूर्ती साधारण बावीस रुपयांना! धातूची एक मूर्ती घेतानाही हात आखडणाऱ्यांसाठी हे दिवस कसे असतील याची कल्पना करा. २०१३ साली जाडजूड खोकी घरोघर पोचली. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या ‘बोन्स’ मोहिमेतही तीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली.

ॲडम पूट्स यांच्या ‘किंगडम डेथ: मॉन्स्टर’ या खेळानं यावर कडी केली. जानेवारी २०१७ मध्ये संपलेल्या त्यांच्या मोहिमेत सव्वा कोटी डॉलरच्या घरात पैसा जमला. मूर्ती कडक प्लास्टिकच्या, चौकटीतून कापून तुकडे जोडायचे. अतिशय सुबक काम. पण या मोहिमेतल्या काही भागांसाठी वर्गणीदारांना अनेक वर्षं थांबावं लागलं.

वर्गणी ही खरेदी नव्हे, हे मी नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगतो. ‘रोबोटेक आरपीजी टॅक्टिक्स’ या मूर्तींच्या खेळासाठी २०१३ साली लोकांनी चौदा लाख डॉलरहून अधिक दिले. पहिला हप्ता मिळाला. दुसरा मिळणार नाही, असं मोहीम चालवणाऱ्या ‘पॅलेडियम बुक्स’नं २०१८ मध्ये जाहीर केलं; जपानी मालिकेवरून आलेल्या त्या नावाचा परवानाच संपत होता. मन लावून थांबलेल्या माणसांचं नुकसान झालं, आणि मला ते आजही अन्यायाचंच वाटतं. म्हणून मोहीम पाहताना मी सुंदर चित्रांकडे नंतर बघतो. आधी बघतो ते या लोकांनी पूर्वी काही पोचवलं आहे का, शिल्पं तयार आहेत का, साचे कुठे बनणार आहेत, पाठवणीचा खर्च आत्ता सांगितला आहे की नंतर कळणार आहे.

भारतातल्या संग्राहकाला जकातीचाही हिशेब करावा लागतो. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. खोकं खेळणी म्हणून गणलं गेलं तर स्वस्ताईचा बराचसा भाग तिथेच संपतो. त्यामुळे अमेरिकेतल्या भावाच्या किंवा मावशीच्या पत्त्यावर मागवून, कुणी सुट्टीला येताना बॅगेत चार-चार मूर्ती आणवणं हा आपल्याकडे चालणारा मार्ग.

मूर्ती हातात आली की पहिलं काम साबणाच्या पाण्यानं धुण्याचं. साच्याला लावलेला तेलकट थर अंगावर राहिला तर रंग धरत नाही. मग कडेची बारीक रेघ चाकूनं खरवडायची. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्याला उलटसुलट करून पाहा, त्याच्याही दोन्ही कुशींवर ही रेघ सापडेल. साच्याची दोन अर्धं जिथे मिळतात तिथली ती खूण. मऊ प्लास्टिकवर ती जरा हट्टी असते. ‘बोन्स’वर अस्तर न देताही ॲक्रिलिक रंग बसतो. काही फवाऱ्याची अस्तरं तर या प्लास्टिकवर महिनोन्‌महिने चिकट राहतात, म्हणून ती टाळलेलीच बरी. पहिला थर मात्र पाणी न घालता द्यायचा. पातळ रंग या प्लास्टिकवरून घरंगळून खाचांत साचतो.

मी चेहऱ्यापासून सुरुवात करतो. डोळे आधी, मग त्यांच्याभोवतीची कातडी, म्हणजे चुकलेला ठिपका झाकता येतो.

२०१२ च्या त्या वर्गणीतून निघालेल्या कितीतरी मूर्ती आजही दुकानात सुट्या मिळतात, पाकिटात एकेक. आज खेळायला लागलेली एखादी मुलगी थोड्या पैशांत एकच सांगाडा घेऊन घरी जाते. त्याच्या साच्याचा खर्च तिच्या जन्माआधी १७,७४४ जणांनी मिळून भरला होता.