बोअरचें वर्तुळ

पाणी, माती व पिकें हे विषय शाळेंत निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. शेतांत मात्र ते एकमेकांत गुंतलेले असतात. हा गुंता समग्र पाहण्याची दृष्टि विद्यार्थ्यांना कशी द्यावी, हें आज आपण अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी तालुक्याच्या, म्हणजे रिद्धपूरच्या परिसराच्या उदाहरणानें पाहूं.

वरूड-मोर्शी हा संत्र्याचा मुलूख. भूजलाच्या सरकारी मूल्यांकनांत हे दोन्ही तालुके अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले आहेत. याचें कारण विचारलें, तर विद्यार्थी म्हणेल, ‘पाऊस पुरत नाहीं.’ हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. शिक्षकानें येथें एकच प्रश्न पुनः पुनः विचारावा : ‘मग पुढें काय होतें?’ पाणी खोल गेलें, म्हणून शेतकरी बोअर अधिक खोल नेतो. बाग वांचते. तें पाहून शेजारीही बोअर घेतो. उपसा वाढतो आणि पाणी आणखी खोल जातें. फळ्यावर एकेक बाण काढीत गेलें, कीं शेवटचा बाण पहिल्या शब्दाला येऊन मिळतो. जो उपाय होता तोच कारण बनला, हें मुलांना स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें. यांत कोणी मूर्ख नाहीं, कोणी लबाड नाहीं. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच आहे.

दुसरी गोष्ट विलंबाची. कपाशी करणारा पुढल्या वर्षीं पीक बदलूं शकतो. संत्र्याचें झाड फळावर येण्यास चारपांच वर्षें लागतात, आणि पुढें कित्येक वर्षें तें उन्हाळ्यांतही पाणी मागतें. म्हणून आज विहिरीला पाणी किती, यापेक्षां दहा वर्षांनीं किती राहील, हा प्रश्न मोठा.

भूगर्भांतील साठा ही जणूं पेढींतील ठेव : भरणा मुख्यतः पावसाळ्यांत, खर्च बारमास. २०१६ सालीं वॉटर कप स्पर्धेंत वरूड तालुक्यांतील गांवांनीं श्रमदान केलें, तें भरणा वाढविण्यासाठीं. ठिबकानें खर्च घटतो. पण वांचलेल्या पाण्यावर नवीं झाडें लावलीं, तर शिल्लक वाढत नाहीं. दोन्ही बाजू एकत्र मांडल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं.

हें चित्र कोणा एकाजवळ सबंध सांपडत नाहीं. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं रिद्धपुरीं लीळाचरित्र सिद्ध केलें, तें अनेकांकडून आठवणी मिळवून. विद्यार्थ्यांनींही तसेंच हिंडावें. बागाइतदार, बोअरवाला, मजूर, व्यापारी, घरचें पाणी भरणारी बाई, या प्रत्येकास विचारावें, प्रत्येकाचा बाण फळ्यावर काढावा, आणि कोणता बाण तोडला असतां वर्तुळ थांबेल याची चर्चा करावी.

नगरवासी पालकांनींही हा प्रश्न दूरचा समजूं नये. आपण बाजारांत संत्र्याला जो भाव देतों, तोही लागवड वाढविणारा एक बाणच आहे. परीक्षेंत एका प्रश्नाला एक उत्तर पुरतें. पण उद्यां ज्या मुलाच्या हातीं ती बाग जाईल, त्याला पुढला बोअर घेण्यापूर्वीं हें सारें वर्तुळ काढतां आलें पाहिजे.