रोजचं विज्ञान : तार तुटली की बैल आधी का दगावतो?

वळवाच्या वादळात ११ हजार व्होल्टची तार तुटून शेतात पडते. बैल तिला शिवतही नाही, तरी कोसळतो. मागचा गडी अनेकदा वाचतो. असं का?

तारेतली वीज जमिनीत शिरून चहूबाजूंना पसरते. खळ्यावरची ज्वारीची रास आठवा. तार टेकली तिथे टोक, म्हणजे सर्वाधिक विद्युतदाब. फक्त ही रास जरा विचित्र: टोकाजवळ कडा, लांब गेलं की जवळपास सपाट. उतारावर पाय जितके लांब पडतील, तितका त्यांच्यातल्या दाबाचा फरक मोठा, आणि तो फरकच शरीरातून वीज ढकलतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, शिवाय वाटेत छाती आणि हृदय. माणसात वीज एका पायाने चढते, दुसऱ्याने उतरते. हृदय सहसा टळतं. पण तो पडला, हात टेकले, की त्याचाही बैल झाला.

म्हणून पळायचं नाही. पावलं जुळवून, न उचलता, इंच इंच सरकत १० मीटर तरी लांब जायचं. ठिणगी दिसत नाही म्हणून तार मेली असं समजू नका: कोरड्या मातीत प्रवाह कधी इतका कमी असतो, की उपकेंद्रातल्या यंत्रणेला तो कळतच नाही. काठीने तार सारणारे बहाद्दर गावोगाव असतात. ओलसर काठीतूनही वीज जाते.