पिस्तुलाचा प्रश्न विचारायचा राहिला

दिल्लीच्या सत्र न्यायालयाने २१ फेब्रुवारी २००६ रोजी जेसिका लाल खून खटल्यातील नऊही आरोपींची निर्दोष मुक्तता केली आणि राजधानीतील एरवी शांत असणारा मध्यमवर्ग रस्त्यावर उतरला. जेसिकाला मग कोणीच मारले नाही, असा उपहास वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून झाला. इंडिया गेटपाशी मेणबत्त्या पेटल्या. महिनाभरापूर्वीच प्रदर्शित झालेल्या ‘रंग दे बसंती’तील प्रसंग जणू पडद्याबाहेर आला. लघुसंदेशांचा ओघ लागला, फितूर साक्षीदारांचे छुपे चित्रीकरण झाले, पोलिसांना अपील करावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मनू शर्माला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली आणि एप्रिल २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

त्या संतापाची निष्पत्ती योग्य होती, असेच या स्तंभलेखकाचे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने वृत्तमाध्यमांच्या समांतर खटल्याबद्दल कानउघाडणी केली, तीही योग्यच होती. मात्र त्या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती साक्षीदार, पोलीस, न्यायाधीश आणि राजकीय घराणी यांची. मद्याच्या मेजवानीला निघालेल्या विशीतल्या तरुणाने सोबत भरलेले पिस्तूल का घेतले होते आणि ते बाळगण्याचा परवाना शासनाने त्याला कोणत्या गरजेपोटी दिला होता, हे विचारणारे फलक इंडिया गेटपाशी फारसे दिसले नाहीत.

२९ एप्रिल १९९९ ची ती रात्र आठवावी. मेहरौलीतील कुतुब कोलोनेड या वास्तूतल्या उपाहारगृहात मद्य संपले होते. ते देण्यास जेसिकाने नकार दिला. पहिली गोळी छताकडे गेली, दुसरी तिच्या डोक्यात. त्या जागेला मद्यविक्रीचा परवाना नव्हता; मनू शर्माकडे .२२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना होता. आपल्याकडे परवाना या शब्दाला काय किंमत आहे, हे यावरून कळते.

खटल्याचा गुंताही पिस्तुलाभोवतीच होता. ते कधीच सापडले नाही. घटनास्थळी मिळालेल्या दोन पुंगळ्या दोन वेगळ्या शस्त्रांतून सुटल्या असाव्यात, या शंकेचा सत्र न्यायालयात आरोपींना लाभ झाला. वरिष्ठ न्यायालयांनी पुराव्याकडे समग्रतेने पाहिले, आणि त्यात एक साधा मुद्दा महत्त्वाचा ठरला: ज्याच्या नावावर शस्त्राचा परवाना आहे, त्याने ते शस्त्र हजर करायला हवे. ते कुठे गेले याचे पटणारे उत्तर त्याच्याकडे नसेल, तर न्यायालय त्याचा प्रतिकूल अर्थ काढू शकते. परवान्याबरोबर हिशेब देण्याचे उत्तरदायित्व येते, हे तत्त्व इतक्या ठसठशीतपणे क्वचितच मांडले गेले असेल. मेणबत्त्यांच्या प्रकाशात ते कुणाच्या लक्षात आले नाही.

शस्त्र बाळगणाऱ्याच्या आचरणाची चर्चा अमेरिकेत निदान होते. फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे फेब्रुवारी २०१२ मध्ये ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा नि:शस्त्र कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला. गोळी झाडणाऱ्या जॉर्ज झिमरमनकडे कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याचा रीतसर परवाना होता. त्याने स्वसंरक्षणाचा दावा केला आणि जुलै २०१३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. देशभर निदर्शने झाली. वर्णद्वेषाचा प्रश्न केंद्रस्थानी होता आणि तो तसाच असायला हवा होता. तरीही त्यामागे दुसरा वाद होता: पाठलागाची गरज नाही असे पोलीस नियंत्रण कक्षाने सांगितल्यावर, कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाने मागे फिरायला नको होते काय? ज्याच्याजवळ शस्त्र आहे त्याने इतरांपेक्षा अधिक माघार घ्यावी, वाद अधिक टाळावा, हे जबाबदारीने शस्त्र बाळगण्याचे पहिले सूत्र. बंदुकीच्या बाबतीत सैल समजल्या जाणाऱ्या त्याच फ्लोरिडात, मुख्यतः मद्यपानासाठी असलेल्या जागेत पिस्तूल नेण्याची मुभा या परवान्याने मिळत नव्हती.

आपला कायदा तुलनेने कठोर आहे. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या अधिनियमानुसार परवाना ही शासनाने दिलेली सवलत आहे. २०१६ च्या नियमांनी आणखी स्पष्टता आणली: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि परवानाधारकाच्या प्रभावी नियंत्रणात असले पाहिजे, ते मिरवता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबमधील मौर मंडी येथे लग्नसमारंभात रंगमंचावर नाचणारी एक तरुणी अशाच गोळीने ठार झाली होती.

नियम आहेत, पण समज नाही. २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते, त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात. त्यांतला प्रत्येक परवाना जिवाच्या भीतीनेच घेतला असेल, यावर त्या भागात राहिलेला कोणी विश्वास ठेवणार नाही. तिथे बंदूक हे प्रतिष्ठेचे लेणे आहे, आणि लेणे घरात ठेवून कोणी समारंभाला जात नाही. झाकून नेण्याचा नियम तिथेच लुळा पडतो.

जुन्या परवान्यांच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थांचे आवार येथे शस्त्र नेण्यास मनाई असे. मद्याची खासगी मेजवानी त्या यादीत नावाने नव्हती. आता परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते. त्या वेळी अर्जदाराला शस्त्र दाखवायला लावावे, काडतुसांचा हिशेब मागावा, मूळ धोका अजून आहे का ते पाहावे आणि मद्य व शस्त्र एकत्र आल्यास परवाना जाईल, हे त्यावर ठळक छापावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्याची इच्छा लागते.

शिक्षा पुनर्विलोकन मंडळाच्या शिफारशीवरून मनू शर्माची जून २०२० मध्ये मुदतपूर्व सुटका झाली, तेव्हा चर्चा क्षमेची आणि सुधारणेची झाली. पिस्तुलाविषयी तेव्हाही कोणी विचारले नाही.