यंत्राच्या पोटातील माणूस

२०२३ सालच्या १ मे रोजी, जागतिक कामगार दिनाच्या मुहूर्तावर, केनियाची राजधानी नैरोबी येथे दीडशेहून अधिक कामगार एकत्र जमले आणि आपली संघटना स्थापन करण्याचा निर्णय त्यांनी मतदानाने घेतला. हे कामगार गिरणीतले नव्हते, गोदीतले नव्हते, चहाच्या मळ्यातलेही नव्हते. फेसबुक, टिकटॉक, चॅटजीपीटी या नावांनी जगाच्या घराघरात शिरलेल्या यंत्रणांसाठी ते राबत होते किंवा राबून बाहेर पडले होते. तुमच्याआमच्या नजरेस पडू नये असे जे काही असेल ते अगोदर स्वतः वाचायचे, पाहायचे, त्यावर खूण करायची आणि ते बाजूला सारायचे, हे त्यांचे काम. कृत्रिम बुद्धिमत्तेने मानवजातीचे कल्याण होणार की कसे, यावर मोठमोठ्या परिषदा भरतात, जाहीरनामे निघतात. नैरोबीच्या सभेची त्या मानाने फारशी वाच्यता झाली नाही. आमच्या मते मात्र या नव्या विद्येविषयी विचारायचा पहिला प्रश्न तेथेच विचारला गेला: हे यंत्र घडवतो कोण, आणि त्याचे मोल पडते कोणाच्या पदरात?

यंत्र आपले आपणच शिकते, असा एक भाबडा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केंपेलेन याने बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक 'तुर्क' सादर केला. पागोटे घातलेला तो पुतळा भल्याभल्यांना मात देई, आणि पुढे कित्येक दशके तो युरोप-अमेरिकेत मिरवला. पुतळ्यासमोरच्या पेटीत अंग चोरून एक हाडामांसाचा खेळाडू बसलेला असे, हे गुपित. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने २००५ साली संगणकावरून किरकोळ कामे वाटून देणारा एक बाजार उघडला, तेव्हा त्याला तिने 'मेकॅनिकल टर्क' हेच नाव दिले. व्यापारी जगात एवढा प्रांजळपणा विरळाच म्हणायचा! याच बाजारातून 'इमेजनेट' नावाचा चित्रसंग्रह उभा राहिला. चित्रात मांजर आहे की कुत्रा, होडी आहे की जहाज, हे माणसांनी एकेक चित्र पाहून सांगायचे. १६७ देशांतील सुमारे ४९ हजार माणसांच्या हातून ही निवड झाली आणि संग्रह वाढत वाढत १ कोटी ४० लाख चित्रांपर्यंत गेला. २०१२ साली याच संग्रहातील चित्रांवर शिकवलेल्या संगणकाने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत सर्वांना मागे टाकले, आणि आजचा सारा गाजावाजा तेथून सुरू झाला. शास्त्रज्ञांची नावे इतिहासात गेली, ती योग्यच आहे. त्या ४९ हजारांना मात्र आकड्यापलीकडे ओळख उरली नाही.

नैरोबीतील काम याहून पुष्कळ कष्टाचे होते. चॅटजीपीटीची जननी ओपनएआय हिने २०२१ च्या अखेरीस सामा या कंपनीशी करार केले. सामाचे मुख्य कार्यालय सॅन फ्रान्सिस्कोत, कामगार नैरोबीत. यंत्राने अश्लील, हिंस्र, बालकांच्या लैंगिक छळाची वर्णने करणारे काही बोलू नये यासाठी त्याला अशा मजकुराची ओळख पटवून द्यावी लागते. ती पटवायची तर तसले हजारो उतारे आधी कोणीतरी वाचून त्यांना यथायोग्य चिठ्ठी लावली पाहिजे. 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये हे प्रकरण उजेडात आणले. त्या वृत्तान्तानुसार ओपनएआय सामाला ताशी साडेबारा डॉलर देत असे. प्रत्यक्ष वाचणाऱ्याच्या हाती पडत १.३२ ते २ डॉलर. आपल्या हिशेबात सांगायचे तर त्या वेळच्या दराने ताशी नऊशेहून अधिक रुपये निघाले आणि शंभर ते दीडशे पोचले. उरलेल्या रकमेतून कार्यालय, सुविधा, पर्यवेक्षक आणि तपासनीस यांचा सर्व खर्च भागवावा लागतो, असा खुलासा सामाने केला. नऊ तासांच्या पाळीत दीडशे ते अडीचशे उतारे वाचावे लागत, असे कामगारांचे म्हणणे; कंपनीच्या मते ही संख्या सत्तर होती. सत्तरच धरू. एका दिवसात असे सत्तर उतारे वाचून घरी परतणाऱ्या माणसाला आपल्या लेकराकडे पाहताना काय वाटत असेल, त्याचा हिशेब कोणत्याही करारात नसतो. ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सामाने हे काम सोडून दिले. फेसबुकसाठी याच कंपनीत तसले मजकूर व चित्रफिती तपासणाऱ्या १४० हून अधिक कामगारांना तीव्र मानसिक आघाताची व्याधी जडल्याचे वैद्यकीय निदान डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून पुढे आले.

येथे एक प्रतिवाद नेहमी केला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हे काम नसते तर या तरुणांनी काय केले असते? सामाची स्थापना २००८ साली लीला जना या भारतीय वंशाच्या महिलेने केली, ती गरिबाला दान नको, काम द्या, या ध्येयानेच. नैरोबीच्या किबेरा झोपडवस्तीतील मुलांना संगणकासमोर बसवणे ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या २०२० साली अकाली निवर्तल्या. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. तथापि हेतू चांगला असला म्हणून भाव न्याय्य ठरत नाही. ताशी दोन डॉलर हा भाव त्या कामाच्या उपयोगावरून ठरलेला नाही. नैरोबीत बेकारी किती आहे यावरून तो ठरला आहे. शिवाय जे काम दारिद्र्यामुळे येते ते त्याहून स्वस्त दारिद्र्य सापडताच निघूनही जाते. मार्च २०२४ मध्ये रिमोटास्क्स नावाच्या अशाच एका व्यासपीठाने केनियातील आपला कारभार एकाएकी गुंडाळला. तेथे ना कारखाना होता ना गोदाम. दार बंद झाल्याचे कळायला दारच नव्हते.

गोमंतकीय वाचकाला हे चित्र अगदीच अनोळखी वाटू नये. आपल्या डोंगरांतील खनिज बार्जांतून मांडवी-जुवारीने उतरले, मुरगावला जहाजात चढले आणि जपानला गेले. पोलाद तेथे झाले, यंत्रे तेथे झाली, आणि त्या यंत्रांची किंमत पुन्हा जगाने मोजली. माती मात्र आपल्या शेतांत उतरली. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा कारण निराळे होते, पण ट्रकवाल्याच्या आणि बार्जमालकाच्या हाती काय उरले ते आपण पाहिलेच. कच्चा माल देणाऱ्याची ही नियती नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की आता माणसाचे वाचणे, बोलणे, ओळखणे हाच कच्चा माल झाला आहे.

पक्क्या मालाचा नफा कोठे साचतो आहे? संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की जगातील कंपन्यांच्या एकंदर संशोधनखर्चापैकी ४० टक्के खर्च अवघ्या शंभर कंपन्या करतात, आणि त्या मुख्यत्वे अमेरिका व चीन या दोन देशांतल्या आहेत. या विद्येचे नियमन कसे करावे याविषयीच्या प्रमुख आंतरराष्ट्रीय विचारविनिमयांत ११८ देशांना स्थानच नाही, हेही तोच अहवाल नोंदवतो. यंत्राला लागणाऱ्या चिप बनवून घेणाऱ्या एनव्हिडिया या एका कंपनीचे बाजारमूल्य जुलै २०२५ मध्ये चार लाख कोटी डॉलरांवर गेले. भारताच्या १४० कोटी लोकांचे एका वर्षाचे सकल उत्पन्न साधारण तेवढेच आहे. बाजारमूल्य आणि वार्षिक उत्पन्न यांची तुलना अर्थशास्त्राच्या काट्यावर बरोबर उतरत नाही, हे आम्ही जाणतो. पण कोण कोणापुढे किती लहान आहे हे कळायला ती पुरेशी आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये असा अंदाज दिला की प्रगत देशांतील ६० टक्के नोकऱ्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम होईल, अल्प उत्पन्नाच्या देशांत मात्र २६ टक्क्यांवरच. वरवर पाहता गरिबाची धडगत बरी, असे कोणालाही वाटेल. पण ज्या खेड्यात वीज नाही तेथे विजेचा धक्का कोणाला बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. नाणेनिधीने स्वतःच बजावले आहे की गरीब देशांना हानी कमी पोचेल ती लाभही कमी मिळेल म्हणून, आणि त्यामुळे देशादेशांतील दरी रुंदावेल.

आणि पैसा असला म्हणून यंत्रे मिळतीलच असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने चिपच्या निर्यातीसाठी जगाचे तीन वर्ग पाडणारा नियम जाहीर केला. पहिल्या वर्गात अठरा मित्रराष्ट्रे. भारत दुसऱ्यात, म्हणजे मोजूनमापून माल घेणाऱ्यांत. पुढच्या सरकारने तो मे महिन्यात मागे घेतला. ज्या लेखणीने आपण दुसऱ्या रांगेत गेलो होतो त्याच लेखणीने ती रांग मोडली. आपल्याला कोणी विचारले नव्हते, ना तेव्हा ना आता.

भाषेच्या बाबतीत विषमता आणखी आत शिरते, आणि हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. ही यंत्रे अक्षरे वाचत नाहीत. मजकुराचे ती तुकडे पाडतात. त्यांना 'टोकन' म्हणतात. वापराचे पैसे या तुकड्यांवर आकारले जातात, आणि यंत्राला एका वेळी किती मजकूर ध्यानात ठेवता येईल तेही तुकड्यांवरच ठरते. इंग्रजीतील एक शब्द बहुधा एका तुकड्यात मावतो. देवनागरीतला शब्द मात्र काना, मात्रा, वेलांट्यांसकट फुटून त्याचा चुरा होतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने आपले नवे यंत्र बाजारात आणताना स्वतःच याचा तक्ता प्रसिद्ध केला. स्वागताचा एकच छोटा मजकूर: जुन्या पद्धतीत इंग्रजीचे २७ तुकडे, मराठीचे ९६. म्हणजे तीच गोष्ट बोलायला मराठी माणसाला साडेतीनपट मोल. नव्या पद्धतीत इंग्रजीचे २४ आणि मराठीचे ३३.

हे आकडे आम्हाला कोणत्याही आर्थिक अहवालापेक्षा अधिक बोलके वाटतात. मराठीचे ९६ तुकडे पडणे हा काही निसर्गाचा नियम नव्हता. मराठी क्लिष्ट आहे म्हणून ते घडले नाही. कोणी लक्ष दिले नव्हते म्हणून घडले, आणि लक्ष दिल्याबरोबर ९६ चे ३३ झाले. विकासाच्या शर्यतीत मागे पडलेल्यांना नेहमी सांगितले जाते की तुमचे मागासलेपण तुमच्यातच आहे. निदान येथे तरी ते कारागिराच्या ओट्यावर होते. त्या तक्त्यात वीस भाषा होत्या. आपली मराठी होती, याचा आनंद आहे. कोंकणी नव्हती. केनियाच्या त्या कामगारांची स्वाहिलीही नव्हती.

लक्ष देणारे लोक नाहीत असे नाही. आफ्रिकी भाषांसाठी 'मसाखाने' नावाची संशोधकांची चळवळ २०१९ पासून उभी आहे. परदेशी कंपनीची वाट न पाहता आपल्या भाषांचे साहित्य आपण गोळा करायचे, हा तिचा बाणा. आपल्याकडे केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना आहे, मद्रास आयआयटीतील संशोधकांचे काम आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या कार्यक्रमाला संमती दिली. यातील मोठा वाटा संगणनसामग्रीवर जाईल, तो जावाही. पण आमचे लक्ष बेंगळुरूच्या 'कार्य' या लहान संस्थेकडे अधिक वेधले गेले. ग्रामीण लोकांकडून त्यांच्या बोलीतील वाक्ये ध्वनिमुद्रित करून घेताना ही संस्था ताशी निदान पाच डॉलर देते, असे २०२३ मधील वृत्त होते. आणि तो संग्रह पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळतो. गवयाला ध्वनिमुद्रिकेचे मानधन द्यावे तसा हा व्यवहार. कर्नाटकातील खेड्यातल्या बाईला जे देता येते ते नैरोबीत का देता येत नाही, याचे उत्तर अब्जावधी डॉलरांच्या कंपन्यांनी द्यायला हवे. आपल्या सरकारलाही हा प्रश्न सुटलेला नाही. चित्रांवर आणि मजकुरावर चिठ्ठ्या लावणारे हजारो हात भारतातही आहेत. दहा हजार कोटींच्या कार्यक्रमात त्यांच्या वेतनासाठी आणि आरोग्यासाठी एखादे कलम असावे, ही मागणी आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट २०२५ मध्ये या विषयावर चाळीस तज्ज्ञांचे एक मंडळ नेमण्याचा आणि सर्व सदस्यराष्ट्रांचा संवाद घडवण्याचा ठराव केला. पहिली बैठक २०२६ साली जिनिव्हात, दुसरी २०२७ साली न्यूयॉर्कमध्ये घेण्याचे ठरले. ११८ राष्ट्रांना निदान दिवाणखान्यात प्रवेश मिळाला. परंतु गरीब राष्ट्रांची सरकारे तेथे कोणाची बाजू मांडतील, हे गृहीत धरता येत नाही. केनियाच्या विधिमंडळात २०२४ सालीच एक विधेयक आले: बाहेरून काम देणाऱ्या मूळ कंपनीला, ठेकेदाराच्या कामगारांनी केलेल्या दाव्यांपासून संरक्षण द्यावे, अशा आशयाचे. गुंतवणूक यावी म्हणून सरकारने आपल्याच नागरिकाच्या हातातील कागद काढून घ्यावा, ही ती अगतिकता.

त्या कागदाची किंमत न्यायालयाने मात्र ओळखली. कामावरून काढलेल्या १८० हून अधिक कामगारांनी मार्च २०२३ मध्ये सामा आणि फेसबुकची मालक मेटा यांच्यावर दावा लावला होता. आपण केनियात नाहीच, तेव्हा येथील न्यायालयाचा आपल्याशी संबंध काय, असा मेटाचा युक्तिवाद. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि खटला केनियातच चालेल असा निर्णय दिला. खटला कोठे चालायचा एवढेच ठरायला दीड वर्ष गेले होते.