मेंदूतली घरची अफू आणि एचआयव्हीची खोडी

दारात बोट चेमटलं की आधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि मग हळूहळू ठणका सोसवेनासा असला तरी सोसवतो. त्यामागे अफूचाही हात असतो. घाबरू नका, ही अफू घरची आहे, मेंदूत तयार होणारी. परवाना लागत नाही!

१९७३ साली मेंदूत अफूतल्या मॉर्फिनची कुलपं, म्हणजे ते जिथे चपखल बसतं ते रिसेप्टर, सापडली. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या डोक्यात कुलूप कशाला? म्हणजे किल्लीही घरातच असणार. ती शोधायला स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे जॉन ह्यूज भल्या सकाळी सायकल हाणत कत्तलखाना गाठायचे, डुकरांचे मेंदू आणायला. तिथल्या लोकांची मर्जी राखायला सोबत व्हिस्की! १९७५मध्ये त्यांना आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना किल्ली मिळाली : एन्केफॅलिन. जेमतेम पाच अमिनो आम्लांची. ग्रीक नावाचा अर्थ सरळ, 'डोक्यातलं'.

कुलपांची नावंही मजेशीर. 'म्यू' मॉर्फिनवरून. 'डेल्टा' मात्र उंदराच्या वीर्यवाहिनीवरून, कारण प्रयोग तिच्यावर झाले. 'कप्पा' उघडलं की दुखणं उतरतं, पण मनही उतरतं.

आता या घरच्या अफूची खोडी काढणारा एचआयव्ही. मेंदू बिघडवणारा हा विषाणू चेतापेशींत सहसा शिरतच नाही! लागण झाल्यावर काही आठवड्यांतच तो रक्तातल्या पेशींच्या पोटात लपून मेंदूत पोचतो आणि मुक्काम ठोकतो तो मायक्रोग्लियांत, म्हणजे थेट मेंदूच्या राखणदारांच्या घरात. राखणदार पिसाळतात, दाहाची रसायनं ओकतात आणि होरपळतात शेजारच्या चेतापेशी.

खरी खोडी पुढेच आहे. विषाणूच्या अंगावरचं जीपी-१२० हे प्रथिन दाहाचे निरोप नेणाऱ्या केमोकाइन या रसायनांच्या कुलपांत बसतं. ही कुलपं बऱ्याच पेशींवर म्यूच्या शेजारी असतात, आणि शेजारधर्म असा की एक खणखणलं की दुसरं गार पडतं. उंदरांच्या मेंदूत वेदना आवरणारा जो भाग आहे, तिथे आधी केमोकाइन टोचलं आणि मग मॉर्फिनसारखं औषध दिलं, तर त्याचा जोर ओसरला. बाहेरच्या कडक मालाची ही गत, तर घरच्या पाच मण्यांच्या किल्लीचं काय?

भांडण दोन्ही बाजूंनी चालतं. मॉर्फिनमुळे पेशींवर सीसीआर-५ ही विषाणूची आवडती दारं वाढतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. विषाणूचं टॅट हे प्रथिन आणि मॉर्फिन एकत्र आली, तर चेतापेशींची हानी एकेकट्याने होते त्याहून जास्त. नशेच्या सुईतून लागण झालेल्यांना हा फटका दुहेरी.

आपल्याकडची एक गंमत. भारतात बहुतांश विषाणू 'सी' उपप्रकाराचा. त्याच्या टॅटमध्ये ३१व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सहसा सेरीन असतं. एवढ्याशा बदलाने दाहपेशींना हाका मारायची त्याची ताकद घटते, हे बंगळुरूच्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४मध्ये दाखवलं. म्हणून बिनघोर राहावं असं मात्र नाही; बोट्स्वानातही 'सी'च आहे आणि तिथे मेंदूचे त्रास आढळलेच.

एचआयव्हीवरच्या गोळ्या विषाणूला वेसण घालतात, मेंदूतली धग मात्र थोडी उरू शकते. सरकारी एआरटी केंद्रांत या गोळ्या एप्रिल २००४पासून मोफत मिळतात. रात्री तळपाय जळत असतील, वस्तू कुठे ठेवली ते आठवत नसेल, तर पुढच्या खेपेला गोळ्या घेताना डॉक्टरांना तेही सांगा.