बर्फातही ब्रेक तापतो!

बाहेर तापमान शून्याखाली वीस अंश असताना एखाद्या वाहनाचा ब्रेक तापून निकामी होऊ शकेल का? वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक विद्यार्थी ‘नाही’ म्हणतील. पण स्नोमोबिल वापरणाऱ्यांना या धोक्याची दखल घ्यावीच लागते.

स्नोमोबिल म्हणजे बर्फावरून धावणारी मोटारगाडी. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, व्हालकूर येथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ ही हलकी गाडी बाजारात आणली आणि हे वाहन लोकप्रिय झाले. आपल्याकडे गुलमर्गला गेलेल्या पर्यटकांनी ते पाहिले असेल. पुढे दिशा देणाऱ्या दोन स्की आणि मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा अशी त्याची रचना असते. स्कींना ब्रेक नसतो. पट्टा फिरवणाऱ्या यंत्रणेतील एका दांड्यावर पोलादी चकती बसवलेली असते. लिव्हर दाबला की दोन पॅड तिला चिमटीत धरतात. सर्व भिस्त या एका चकतीवर!

आता थोडे गणित करू. गाडी व चालक मिळून ३२० किलोग्रॅम आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, असे धरू. गतिज ऊर्जा ½ × ३२० × २० × २० = ६४,००० ज्यूल. ही सर्व ऊर्जा एक किलोग्रॅमच्या पोलादी चकतीत गेली, तर तिचे तापमान सुमारे १४० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काही ऊर्जा बर्फाशी होणाऱ्या घर्षणात जाते. परंतु लांब उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावला, तर उष्णता साठत जाते आणि पॅडमधून ब्रेकच्या द्रवापर्यंत पोचते.

या द्रवाला गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ म्हणत असले, तरी ते सहसा खनिज तेल नसते. ते ग्लायकॉल गटातील रसायनांचे मिश्रण असते आणि हवेतील बाष्प शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उन्हाळाभर गाडी कोपऱ्यात उभी असते, तेव्हाही हे शोषण चालूच असते. मग पाणी न शोषणारा द्रव का वापरत नाहीत? कारण तसे केल्यास आत शिरलेले पाणी न मिसळता तळाशी साचेल आणि थंडीत गोठेल.

द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. समोर झाड किंवा दरी असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून हिवाळ्यापूर्वी, इंजिन बंद व थंड असताना, पुढील तपासणी करतात. लिव्हर दाबून धरल्यावर तो टणक लागला पाहिजे. हळूहळू आत जात असेल, तर गळती असण्याची शक्यता असते. मऊ लागत असेल, तर नळीत हवा असू शकते. टाकीतील द्रवाची पातळी खुणांच्या दरम्यान हवी. द्रव काळपट झाला असेल, तर तो बदलावा. अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात. नवा द्रव सीलबंद डब्यातीलच घ्यावा. पॅडची जाडी उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी नसावी. चकतीवर खोल चरे किंवा तडे नसावेत. निळसर झाक असेल, तर ती पूर्वी फार तापली होती असे समजावे. नळ्यांना भेगा पडल्या आहेत का, उंदरांनी काही कुरतडले आहे का, हेही पाहावे. शेवटी सपाट जागी, कमी वेगात ब्रेक लावून पाहावा.

वर्गात यातील मुख्य तत्त्व सहज दाखवता येईल. सुया काढलेल्या दोन नव्या सिरिंज पारदर्शक नळीने जोडून त्यांत पाणी भरा. एक दट्ट्या दाबताच दुसरा सरकेल. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा ठेवा, दुसरा दट्ट्या बोटाने अडवून धरा आणि पहिला दाबा. तो आत जाईल, पण बोटाला जोर फारसा जाणवणार नाही. मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमध्येही हेच तत्त्व असते. तिचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे विद्यार्थ्यांना घरी विचारायला सांगा.